आज्ञावली : पुस्तक की यंत्र?

संगणक चालतो तो त्याला दिलेल्या आज्ञांवर. या आज्ञांची ओळीने केलेली मांडणी म्हणजे आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम. आज्ञावली कागदावर लिहिता येते, दुसऱ्याला वाचता येते. या अर्थाने ती पुस्तकासारखी आहे. पण तीच संगणकात घातली की संगणक हिशेब करतो, पत्र छापतो, चित्र काढतो. म्हणजे ती यंत्राच्या एखाद्या दातेरी चाकासारखीही आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला या दुहेरी रूपाची अडचण वाटत नाही. कायद्याला मात्र ती वाटली, कारण पुस्तकाला एक कायदा लागतो आणि यंत्राला दुसरा. पुस्तकाच्या लेखकाला कॉपीराइट मिळतो. तो नुसत्या लिहिण्याने मिळतो आणि फार काळ टिकतो, पण त्याचे संरक्षण शब्दांपुरतेच असते. यंत्राच्या शोधकाला पेटंट मिळते. त्यासाठी नावीन्य सिद्ध करावे लागते, मुदत थोडी असते, पण संरक्षण यंत्र ज्या रीतीने चालते त्या रीतीलाच मिळते.

मग आज्ञावलीला कोणता कायदा लावायचा? हा प्रश्न पंडिती वादाचा नाही. त्याच्या उत्तरावर कंपन्या उभ्या राहिल्या आणि बुडाल्या. संगणक आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या आवाक्यात कसा आला, हेही त्यावरच काही अंशी ठरले. त्याचा इतिहास आपण थोडक्यात पाहू.

दोन जुने खटले

सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी होते. अमेरिकेत सेल्डन नावाच्या गृहस्थांनी १८५९ साली हिशेब ठेवण्याच्या एका सोप्या पद्धतीवर पुस्तक काढले. त्यात खतावणीचे आखलेले नमुने होते. पुढे बेकर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी तशाच पद्धतीच्या वह्या विकायला काढल्या. रकाने थोडे वेगळे, रीत तीच. सेल्डन यांच्या पश्चात हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १८८० साली निकाल लागला. पुस्तकावर सेल्डनचा हक्क आहे, पण त्यात सांगितलेल्या हिशेबाच्या रीतीवर नाही. ती रीत कोणीही वापरावी. गणिताच्या शिक्षकाला हे लगेच पटेल. एखाद्या लेखकाचे गणिताचे पुस्तक छापून विकणे गैर. पण त्यातली रीत फळ्यावर वापरणे गैर कसे असेल?

दुसरा खटला १९०८ सालचा. त्या काळी आपोआप वाजणारे पियानो लोकप्रिय होते. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी पियानोत सरकत जाई आणि भोकांच्या जागेप्रमाणे स्वर उमटत. एका संगीत-प्रकाशकाने तक्रार केली की, आमच्या गाण्यांच्या अशा गुंडाळ्या परवानगीवाचून विकल्या जात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे की, नक्कल म्हणजे माणसाला वाचता येईल अशी नोंद. भोके माणसाला वाचता येत नाहीत, ती यंत्र वाचते; तेव्हा ती गुंडाळी हा यंत्राचा भाग झाला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा बदलून प्रत्येक गुंडाळीमागे २ सेंट मानधन ठरवून दिले. पण प्रश्न शिल्लक राहिला : फक्त यंत्राने वाचायचे ते लेखन म्हणावे का?

या दोन खटल्यांतून दोन प्रश्न निघाले. पहिला, रीत कोणती आणि शब्द कोणते? दुसरा, वाचक माणूस की यंत्र? सॉफ्टवेअरचे पुढचे बहुतेक मोठे तंटे याच दोन प्रश्नांभोवती फिरले.

सॉफ्टवेअरला किंमत आली

१९६० च्या दशकापर्यंत सॉफ्टवेअरच्या मालकीचा प्रश्न फारसा उठत नसे. संगणक अवाढव्य असत, बहुधा भाड्याने घेतले जात आणि आज्ञावली त्यांच्याबरोबरच येई. १९६९ च्या जानेवारीत अमेरिकी सरकारने आयबीएम कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. त्याच वर्षी २३ जूनला आयबीएमने जाहीर केले की, यापुढे यंत्राची व आज्ञावलींची किंमत वेगवेगळी आकारली जाईल. फक्त आज्ञावली लिहून विकणाऱ्या स्वतंत्र धंद्याला यामुळे मोठी वाट मोकळी झाली.

धंदा झाला तशी चोरीही झाली. १९७५ साली अल्टेअर नावाचा छोटा संगणक बाजारात आला. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक भाषेची आज्ञावली तयार केली. ती भोके पाडलेल्या कागदी फितीवर मिळे. पियानोच्या गुंडाळीचीच ही धाकटी बहीण! हौशी मंडळींनी फितीच्या प्रती काढून मित्रांना वाटल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्सनी एक अनावृत पत्र लिहून तक्रार केली की, अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे. अशाने चांगले सॉफ्टवेअर लिहिणार कोण?

पेटंटचा रस्ता तोवर अवघड झाला होता. दशमान अंक संकेतरूपात लिहिलेले असताना त्यांचे द्विमान संख्येत रूपांतर करण्याच्या एका रीतीसाठी पेटंट मागितले गेले होते. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. असे पेटंट म्हणजे गणिती सूत्रावरच मालकी, असे न्यायालयाचे मत पडले.

उरला कॉपीराइट. अमेरिकी संसदेने नेमलेल्या आयोगाने १९७८ साली अहवाल दिला की, आज्ञावली हे लेखन मानावे. आयोगातील एक सभासद मात्र वेगळे पडले. ते जॉन हर्सी, हिरोशिमावरच्या अणुबाँबच्या संहाराचे वृत्तांत-पुस्तक लिहिणारे प्रसिद्ध लेखक. त्यांचे म्हणणे असे की, पूर्ण झालेली आज्ञावली माणसाशी बोलतच नाही, ती यंत्राला हलवते. तिला साहित्य म्हणणे योग्य नव्हे. बहुमत दुसऱ्या बाजूला होते. १९८० साली अमेरिकेच्या कायद्यात तशी सुधारणा झाली.

ॲपल विरुद्ध फ्रँकलिन

या सुधारणेची परीक्षा लवकरच झाली. १९८२ साली फ्रँकलिन कंपनीने 'एस १००' हा संगणक बाजारात आणला. ॲपल टू साठी लिहिलेल्या आज्ञावली त्यावर चालत. कारण यंत्राला मुळात जागे करणाऱ्या ॲपलच्या आज्ञावली त्यात जशाच्या तशा उतरवल्या होत्या. ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचे नावही त्यात तसेच राहून गेले होते! फ्रँकलिनने नक्कल नाकारली नाही. त्यांचा बचाव १९०८ च्या धर्तीचा होता : या आज्ञा शून्य आणि एक अशा यंत्रभाषेत आहेत, रॉम नावाच्या चिपमध्ये कायमच्या कोरलेल्या आहेत, त्या माणसाने वाचायच्या नाहीतच, तेव्हा तो यंत्राचा सुटा भाग आहे. खालच्या न्यायालयालाही शंका वाटली आणि त्याने तात्पुरती मनाई देण्याचे नाकारले.

ऑगस्ट १९८३ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निर्णय फिरवला. आज्ञावली माणसाच्या भाषेत असो वा यंत्राच्या, कागदावर असो वा चिपमध्ये, ती लेखनच आहे, असे ठरले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने मिळाले. पण न्यायालयाने एक दार उघडेही ठेवले. तेच काम करणारी दुसरी आज्ञावली स्वतंत्रपणे लिहिता येत असेल, तर ती लिहिण्यास आडकाठी नाही.

दोन खोल्यांची युक्ती

त्या दारातून कॉम्पॅक कंपनी आधीच आत शिरली होती. १९८१ साली आलेला आयबीएमचा पीसी बहुतांशी बाजारातल्या सुट्या भागांनी बनला होता. आयबीएमची स्वतःची अशी मुख्य गोष्ट म्हणजे 'बायॉस', यंत्र व इतर सॉफ्टवेअर यांच्यामध्ये दुव्याचे काम करणारी छोटी आज्ञावली. आयबीएमने ती आपल्या तांत्रिक पुस्तिकेत सगळी छापलीही होती. पण हे छापणेच एक कुंपण ठरले. कारण ज्याने ती वाचली, त्याने पुढे काहीही लिहिले तरी नकलेचा आरोप येणार.

यावर उपाय असा निघाला. एका खोलीत काही जण मूळ आज्ञावली वाचतात आणि ती काय काय करते एवढेच लिहून काढतात. ती कशी लिहिली आहे, याबद्दल अक्षरही नाही. ही टिपणे तपासून दुसऱ्या खोलीत जातात. तेथल्या माणसांनी मूळ आज्ञावली कधी पाहिलेलीही नसते. ते टिपणांवरून स्वतःची आज्ञावली लिहितात. रीत तीच, शब्द नवे. सेल्डनच्या खटल्याचे तत्त्व अशा रीतीने चक्क कारखान्याच्या मांडणीत उतरले.

कॉम्पॅकचा संगणक नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाला. पुढे फिनिक्ससारख्या कंपन्या असे स्वतंत्र बायॉस कोणालाही विकू लागल्या आणि आयबीएमशी जुळणारा संगणक बनवणे शेकडो लहान उत्पादकांना शक्य झाले. किमती उतरल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून जे संगणक तयार होऊ लागले, त्यांच्यामागे ही दोन खोल्यांची युक्तीही होती.

शिकलेल्या हाताची मालकी

शब्द आणि रीत यांच्यातली रेघ कुठे ओढायची, हे मात्र सुटले नव्हते. १९८३ साली आलेले लोटस १-२-३ हे हिशेबाच्या तक्त्यांचे सॉफ्टवेअर कार्यालयांत रुळले. त्यात ४६९ आज्ञा होत्या आणि पन्नासांहून अधिक याद्यांत त्यांची रचना केलेली होती. कारकुनांची बोटे त्या क्रमाला सरावली होती. बोरलँड कंपनीने आपल्या क्वाट्रो प्रो मध्ये तीच आज्ञा-रचना ठेवली, म्हणजे ग्राहकाला पुन्हा शिकावे लागू नये. आतली आज्ञावली पूर्णपणे बोरलँडची होती. १९९० साली लोटसने दावा लावला.

खालच्या न्यायालयात लोटस जिंकले. मार्च १९९५ मध्ये वरच्या न्यायालयाने निकाल उलटवला. व्हिडिओ यंत्राची बटणे जशी ते चालवण्याची रीत, तशी ही आज्ञांची यादी. रीतीवर कॉपीराइट नाही. एका न्यायमूर्तींनी वेगळ्या टिपणात वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहिले : त्यांनी शिकण्यात घातलेला वेळ त्यांना एका कंपनीशी जखडून ठेवण्याचे साधन होऊ नये. जानेवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी समसमान मते पडली आणि हाच निकाल कायम राहिला. पण तोवर बोरलँडने क्वाट्रो प्रो विकून टाकले होते आणि लोटस कंपनी आयबीएमने विकत घेतली होती. कायद्याची अस्पष्ट रेघ धंद्याला किती महागात पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गूगलने अँड्रॉइडसाठी जावाच्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या, त्यावरचा ओरॅकलचा दावा २०१० ते २०२१ असा अकरा वर्षे चालला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो वापर न्याय्य ठरवला. तेथेही प्रोग्रॅमरांच्या अंगवळणी पडलेल्या आज्ञांचा विचार झाला.

आपल्याकडे

भारताने १९८४ साली १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सुधारणा करून संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती'त घातली. १९९४ च्या सुधारणेने शिक्षा कडक झाली : चोरीची प्रत आहे हे ठाऊक असून संगणकावर वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कैद माफ करण्याची मुभा न्यायालयाला दिली गेली. १९९९ च्या सुधारणेने दुसरी बाजूही सांभाळली. रीतसर घेतलेल्या आज्ञावलीमागची कल्पना व तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास व चाचणी करणे गुन्हा नाही, असे त्यात म्हटले आहे. २००२ च्या सुधारणेने पेटंट कायद्यात स्पष्ट केले की, नुसती आज्ञावली म्हणजे शोध नव्हे.

करवसुलीच्या वेळी जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात २००४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, तबकडीवर घालून विकलेले तयार सॉफ्टवेअर ही 'वस्तू' आहे आणि तिच्यावर विक्रीकर लागतो. २०२१ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले की, परदेशी सॉफ्टवेअरची प्रत विकत घेणे म्हणजे त्याचा कॉपीराइट विकत घेणे नव्हे, म्हणून ती रक्कम रॉयल्टी धरून कर लावता येत नाही. दुकानातून ग्रंथ आणला म्हणून त्याच्या आवृत्त्या काढण्याचा हक्क मिळत नाही, तसेच हे.

आम्हांला या सगळ्या इतिहासात एक सूत्र दिसते. शब्दांची मालकी कायद्याने जपली, म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याला पोट भरता आले. रीत सर्वांची ठेवली, म्हणून त्याच्यानंतर येणाऱ्यालाही धंद्यात पाय रोवता आले. यातली एक बाजू ढळली की पहिला किंवा दुसरा उपाशी राहतो.

शिक्षकांनी हा विषय वर्गात जरूर घ्यावा. एकच उदाहरण दोन विद्यार्थ्यांना एकाच रीतीने सोडवायला सांगावे आणि तिसऱ्याला पहिल्याची वही पाहून उतरवू द्यावे. तिन्ही उत्तरे बरोबर येतील. मग यांपैकी नक्कल कोणी केली आणि का, हे मुलांनाच ठरवू द्यावे.