ऑयलरचे अनुमान आणि प्राध्यापक श्रीखंडे

सहा पलटणी आणि सहा हुद्दे. प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक, असे छत्तीस अधिकारी चौरसात उभे करावयाचे. मात्र कोणत्याही आडव्या वा उभ्या रांगेत तीच पलटण किंवा तोच हुद्दा पुन्हा येता कामा नये. थोर गणिती ऑयलर यांना ही रचना साधेना. दहा, चौदा, अठरा अशा संख्यांचीही हीच गत असावी, असे अनुमान त्यांनी १७८२ साली मांडले. सहापुरते ते खरेच होते; पण बाकीचे ऑयलर यांच्या नावाच्या दबदब्यावर पावणेदोनशे वर्षे टिकले.

१९५९ साली ते ढासळले. मध्य प्रदेशातील सागर येथे १९१७ मध्ये जन्मलेले, नागपूरला शिकलेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे त्या वेळी अमेरिकेत आपले गुरू राजचंद्र बोस यांच्यासमवेत संशोधन करीत होते. या दोघांनी बावीसची रचना सिद्ध केली. पार्कर यांनी दहाची केली. पुढे तिघांनी मिळून सहापलीकडील एकही संख्या अपवाद नाही, हे दाखविले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही वार्ता पहिल्या पानावर छापली.

श्रीखंडे मात्र मायदेशी परतले आणि १९६३ ते १९७८ मुंबई विद्यापीठात गणित विभागाची धुरा वाहिली. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी, विजयवाडा येथे ते निवर्तले. आदर राखूनही थोरांचे म्हणणे तपासून पाहावे, हा त्यांच्या कार्याचा वारसा आहे.