धर्मगुरूंविना दोनशे वर्षे

फेब्रुवारी उजाडला की वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे आम्हांला स्मरण होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले; त्यांत ते एक होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या सव्वीस हुतात्म्यांना संतपद बहाल केले. येथपर्यंतचा इतिहास आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक असतो. परंतु ज्या भूमीवर हे रक्त सांडले, तेथील श्रद्धावंतांचे पुढे काय झाले?

१६१४ साली जपानच्या राज्यकर्त्यांनी ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. धर्मगुरूंना हद्दपार केले. जे लपून राहिले, त्यांना शोधून ठार मारले. प्रभूची वा पवित्र मरियेची प्रतिमा पायाखाली तुडवून दाखविण्याची सक्ती नागासाकीत दरवर्षी होऊ लागली. कित्येकांनी मरण पत्करले. कित्येकांनी मात्र थरथरत्या पावलांनी प्रतिमा तुडविली आणि घरी येऊन, दार लावून, पश्चात्तापाची प्रार्थना केली. पापनिवेदन ऐकण्यास धर्मगुरू नव्हते. ती प्रार्थनाच त्यांचा आधार होती.

उराकामीच्या शेतकऱ्यांनी आपसांत सेवा वाटून घेतल्या. एकजण सणांचे पंचांग सांभाळी, दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई, तिसरा घरोघरी निरोप पोहोचवी. प्रार्थना मुखोद्गत होत्या. आईबापांकडून त्या लेकरांकडे येत. अशा दोनशेहून अधिक वर्षे लोटली.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ओउरा येथील नव्या ख्रिस्तमंदिरात काही ग्रामस्थ आले. फ्रेंच धर्मगुरू पतीजाँ यांच्यापाशी जाऊन एका स्त्रीने हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण आपल्यासारखेच आहे. आणि पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले.

दुःख मात्र संपले नाही. १८६८पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक ख्रिस्तीजनांना हद्दपार करण्यात आले. त्यांपैकी सहाशेहून अधिक जण उपासमार, छळ व आजार यांनी दगावले. १८७३ साली बंदी उठली. परतलेल्यांनी पुढे आपले भव्य मंदिर उभारले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बने तेही उद्ध्वस्त केले, आणि १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले.

दुःख स्वीकारणे म्हणजे अन्यायाला होकार देणे नव्हे. अन्यायातही प्रभूचा हात न सोडणे होय. प्रतिमा तुडविणाऱ्या त्या पावलांचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांला नाही. पेत्रानेही प्रभूला नाकारले होते, आणि तो रडत परतला होता. त्या गावकऱ्यांची निष्ठा न पडण्यात नव्हती. पडल्यावर पुन्हा गुडघे टेकण्यात होती.

आम्हां धर्मगुरूंनाही हा इतिहास नम्र करतो. आम्ही नसताना श्रद्धा घरांनी जपली. आज आपल्या मंदिरांची दारे उघडी आहेत, घंटाही वाजतात; परंतु संध्याकाळची रोझरी किती घरांत होते? आजारपण, कर्ज वा वियोग दाराशी येईल, तेव्हा ओठांवर प्रार्थना हवी असेल, तर ती आजच लेकरांना शिकविली पाहिजे.

संत गोन्सालो, आमच्या घरांसाठी विनंती करा.