छायाचित्रांतील फिके रंग

नवा डिजिटल कॅमेरा हातीं येतांच बहुतेकांची एक तक्रार सुरू होते: डोळ्यांनीं पाहिलेले रंग चित्रांत उतरत नाहींत, सर्व कांहीं फिकें व निस्तेज दिसतें. मग संगणकावर रंग वाढविण्याची खटपट होते, आणि चित्र भडक झालें अशी दुसरी तक्रार येते. ही अडचण आजकालची आहे असा समज आहे. परंतु ती छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. तिचा इतिहास ठाऊक असला, तर नवशिक्याचें कामही पुष्कळ सोपें होतें.

छायाचित्रणाची कला इ. स. १८३९ मध्यें जगापुढें आली. त्या काळच्या रासायनिक लेपास निळा व जांभळा प्रकाश तेवढा उमगे. तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें निळें आकाश पांढरें फटक उमटे व तांबडा शालू काळा पडे. जुन्या घरांतील तसबिरींत आपल्या पणज्यांच्या कपाळावरील कुंकू पुष्कळदां काळें दिसतें, याचें कारण हेंच. हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८७३ मध्यें लेपांत विशिष्ट रंग मिसळून त्यास हिरव्या प्रकाशाची जाणीव आणून दिली. तांबडा ओळखणाऱ्या काचा बाजारांत येण्यास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें.

ही उणीव चित्रकारांनीं भरून काढली. पातळ कालवलेले रंग कुंचल्यानें छायाचित्रावर चढविण्याचा धंदाच त्या काळीं उभा राहिला. कॅमेरा आणि कुंचला यांची तेव्हां फारकत झालेली नव्हती, हें आपल्या सातारा-सांगलीकडच्या उदाहरणांवरूनही दिसतें. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे अभ्यासक म्हणून सर्वांस परिचित आहेत. परंतु ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार होते, व लाहोरास त्यांचा चित्रकलेचा आणि छायाचित्रणाचा व्यवसाय होता. १९१८ च्या सुमारास ते औंधास आले. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार. त्यांनीं १९३८ मध्यें उभारलेल्या संग्रहालयांत राजा रविवर्मा व धुरंधर यांचीं चित्रें आजही पहावयास मिळतात. याच संस्थानांत, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यांतील किर्लोस्करवाडीस, १९२० मध्यें 'किर्लोस्कर खबर' मासिक निघालें. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हे चित्रकलेंत सातवळेकरांचेच शिष्य.

छायाचित्र रंगविणाऱ्या कारागिराची एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. कुंकू तांबडें हें तो जाणून होता. पण लुगडें हिरवें कीं अंजिरी, हें त्यास घरच्या माणसांस विचारावेंच लागे. करड्या छटेंत तें कोठेंच लिहिलेलें नसे.

पुढें यंत्रच रंग ओळखूं लागलें. तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणानें रंगीत छायाचित्र साधतें, हें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं १८६१ मध्यें लंडनच्या एका व्याख्यानांत दाखविलें. आजचे बहुतेक डिजिटल कॅमेरे याच तत्त्वावर चालतात. ब्राइस बायर यांच्या नांवें १९७६ मध्यें पेटंट झालेल्या जाळींत दर चार ठिपक्यांपैकीं दोन हिरवा प्रकाश मोजतात, एक तांबडा व एक निळा. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून गणितानें ठरविले जातात. म्हणजे कॅमेऱ्यांतून बाहेर पडलेलें प्रत्येक रंगीत चित्र आधींच दुरुस्त झालेलें असतें. तेव्हां चित्रास मुळीं हातच लावूं नये, हें सोंवळें टिकणारें नाहीं. हात कोणत्या क्रमानें लावावा, एवढाच प्रश्न उरतो.

त्यासाठीं प्रथम फिकेपणाचें कारण शोधावें. सांगलीच्या पेठेंत हळदीच्या राशीचें अगदीं जवळून चित्र घेतलें, तर कॅमेरा जिकडेतिकडे पिवळें पाहून तो प्रकाशाचाच दोष समजतो व निळा वाढवितो. हळद मलूल होते. येथें सर्वच रंग गडद करून उपयोग नाहीं. चित्रांतील एखादी खरोखर पांढरी वस्तु, हमालाची टोपी किंवा धोतर, संगणकास दाखवावी व त्यावरून इतर रंग जुळवून घ्यावे. 'व्हाइट बॅलन्स' म्हणतात तें हेंच. साताऱ्याजवळील कासच्या पठारावर भाद्रपदाच्या धुक्यांत घेतलेल्या चित्राचें दुखणें निराळें. तेथें काळें काळें राहत नाहीं आणि पांढरें पांढरें राहत नाहीं. सर्व छटा मध्यें गोळा होतात. हिस्टोग्राम नांवाच्या आलेखांत ० ते २५५ या पट्टीचीं दोन्ही टोकें रिकामीं दिसतात. तीं टोकें छटांपर्यंत आंत आणलीं, कीं पुष्कळसा रंग आपोआप जागा होतो. मात्र धुकें हेंच त्या सकाळचें रूप असेल, तर अर्ध्यावर थांबावें.

सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा गडदपणा, सर्वांत शेवटीं आणि थोडा वाढवावा. तेरड्याच्या पाकळीचा तांबडा आंकडा २५५ ला टेकला, कीं तिच्यावरील शिरा नाहींशा होऊन सपाट डाग उरतो. चित्रांत माणसें असलीं, तर त्यांचे चेहरे पहावे. गाल नारिंगी झाले कीं मागें फिरावें. मूळ प्रत वेगळी जपून ठेवलेली असली, म्हणजे मागें फिरणें केव्हांही शक्य असतें.

घरांतील जुन्या चित्रांस हा विवेक अधिकच लागू पडतो. १९७० च्या सुमाराचे लग्नांतील रंगीत फोटो आतां तांबूस झाले आहेत. त्या काळच्या पुष्कळ कागदांवरील निळसर हिरवा रंग आधीं उडाला. त्यांतील उरल्यासुरल्या रंगांच्या आधारें मूळ रूप बरेंचसें परत आणतां येतें. कृष्णधवल चित्राचें तसें नाहीं. आज संगणक क्षणांत त्यास रंग देतो. पण लुगडें हिरवें होतें कीं अंजिरी, हें त्यासही ठाऊक नसतें. तो अंदाज करतो, आणि पुढची पिढी तो अंदाज खरा मानून चालते. जुना कारागीर निदान विचारीत तरी असे. घरांत सांगणारें माणूस आहे तोंवर आपणही विचारून घ्यावें, आणि मिळालेलें उत्तर चित्रामागें लिहून ठेवावें.