हाक एक, उत्तरं अनेक: पॉलिमॉर्फिझम आला टोलनाक्यावरून

आजचा विषय पॉलिमॉर्फिझम, मराठीत बहुरूपता. शब्द ऐकून दारावर येणारा बहुरूपी आठवतो ना? पण इथे कुणी सोंग बदलत नाही. हाक एकच असते, ओ देणारे वेगळे असतात.

नाशिकहून मुंबईला निघालं की घोटीचा टोलनाका लागतो. कार, बस, ट्रक, प्रत्येकाचा दर वेगळा. याचा प्रोग्राम लिहा म्हटलं की नवशिका लिहितो: कार असेल तर इतके, बस असेल तर तितके... इफ-एल्सची शेपटी वाढत जाते. तीच शेपटी पावतीत, तीच रिपोर्टमध्ये. गाडीचा नवा प्रकार आला की सगळीकडे बदल करा. एक जागा राहिली की बग!

गंमत म्हणजे ऑस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्यासमोरही टोलनाकाच होता. ते सिम्युला ही भाषा घडवत होते. उदाहरण होतं पुलावरच्या नाक्याचं, रांगेत ट्रक आणि बस. रांगेत उभं राहणं सगळ्यांचं सारखं, बाकी ज्याचं त्याचं वेगळं. मग जे सारखं ते एकदाच लिहायचं, वेगळं ते ज्याच्या त्याच्या क्लासमध्ये. यातूनच १९६७ च्या सिम्युलात क्लास, इनहेरिटन्स आणि ‘व्हर्च्युअल’ प्रोसीजर आल्या. व्हर्च्युअल म्हणजे काय? कामाचं नाव वरचा क्लास सांगतो, काम कसं करायचं ते खालचा. नेमकं कुणाचं काम चालणार, हे प्रोग्राम चालू असताना ठरतं.

त्याच वर्षी क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी कोपनहेगनच्या व्याख्यानांत पॉलिमॉर्फिझमचे प्रकार वेगळे करून मांडले. पूर्णांक असोत की दशांश, बेरजेचं चिन्ह एकच, हाही त्यातलाच एक प्रकार.

पुढे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी केंब्रिजला पीएचडी करताना सिम्युला वापरली आणि ‘व्हर्च्युअल’ हा शब्द सी प्लस प्लसमध्ये आणला. जावात तर साधी मेथड मुळातच व्हर्च्युअल असते.

आता तुम्ही करून बघा. ‘वाहन’ हा क्लास, त्याखाली कार, बस, ट्रक. प्रत्येकात ‘टोल’ नावाची मेथड. रांगेवर लूप फिरवा, प्रत्येक वाहनाला फक्त ‘टोल’ विचारा. चाललं? मग ‘रुग्णवाहिका’ हा नवा क्लास जोडा, टोल शून्य. लूपची एकही ओळ बदलावी लागली नाही, तर समजा पॉलिमॉर्फिझम जमला.