बाईंची मोज्याची बाहुली

पहिलीच्या वर्गात बाईंच्या टेबलावर मोज्याची एक बाहुली असायची. बटणांचे डोळे, लाल चिंधीची जीभ. आठवते ना?

गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ही गोष्ट. आपल्या भागात मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगू, बंगाली अशा कितीतरी भाषा; पाठ्यपुस्तक मात्र प्रमाण मराठीतले. आपल्या वर्गातला माडिया बोलणारा एक मुलगा दिवाळीपर्यंत एक शब्द बोलला नाही. आपण त्याला 'मुका' म्हणायचो. मीही म्हणायचे.

एके दिवशी बाईंची बाहुली त्याच्यासमोर जाऊन 'जोहार' म्हणाली. त्याने बाईंकडे पाहिलेच नाही. बाहुलीला उत्तर दिले, 'जोहार'. मग बाहुली एकेका वस्तूचे नाव विचारू लागली आणि तो सांगू लागला. बाहुलीला काही येत नव्हते, म्हणून तो तिचा गुरुजी झाला. चुकली तर ती चुकायची, तो नाही. त्याची भीती गेली ती यामुळेच.

ही बाहुली काही एकटी नव्हती. सूत्रावर नाचणाऱ्या बाहुलीचा दृष्टांत ज्ञानेश्वरीतही येतो. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपली. त्यांच्यातले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. य. के. पाध्ये यांचे अर्धवटराव त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी दूरदर्शनमुळे घराघरांत नेले. १९७९ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राने देशभरच्या शिक्षकांना बाहुल्या बनवून त्यांतून शिकवायचे प्रशिक्षण दिले. मुंबईत मीना नाईक यांनी तर लैंगिक अत्याचारासारखा, मोठ्यांच्याही तोंडून न निघणारा विषय बाहुल्यांच्या साहाय्याने मुलांपुढे मांडला.

आपल्या झाडीपट्टीला दंडारीची आणि नाटकांची परंपरा आहेच. सोंग घेतले की माणूस मोकळा बोलतो, हे आपल्या गावांना सांगावे लागत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळाच सुरू केली. बाईंनी एका मोज्यातून जे केले, ते तिथे अख्ख्या गावाने केले: आधी मुलाची भाषा शाळेत आणली.

तो मुलगा मुका नव्हता. त्याची भाषा आपल्याला येत नव्हती, एवढेच. मेळाव्याला तो आला, तर या वेळी 'जोहार' आधी मी म्हणणार आहे.