चाचणीपूर्व शक्यता
संसर्गाच्या चाचणीचा अहवाल येण्याआधी, रुग्णाला तो रोग असण्याबद्दल डॉक्टरांनी बांधलेला अंदाज. लक्षणे, संपर्क, परिसरातली साथ यांवरून तो ठरतो. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचे निदान झाले. अशा भागातून तापाचा रुग्ण आला की कोंबड्या हाताळल्या का, हे आधी विचारायचे. अहवाल निगेटिव्ह आला म्हणून अंदाज पुसला जात नाही. समजा, तो ८० टक्के आहे आणि चाचणी १०० बाधितांपैकी ७० जणांनाच पकडते, निरोग्याला मात्र कधीच बाधित ठरवत नाही. तर बेझच्या प्रमेयानुसार (१७६३) निगेटिव्ह अहवालानंतरही शक्यता सुमारे ५५ टक्के उरते. मूळ अंदाज ५ टक्केच असेल, तर जेमतेम दीड टक्का. पहिल्या रुग्णाला सर्वसाधारण वॉर्डात हलवण्यापूर्वी दुसरा नमुना घेणे शहाणपणाचे.