रायचौधुरी समीकरण

* रायचौधुरी समीकरण : अमलकुमार रायचौधुरी (१९२३–२००५) यांचा जन्म बारिसालचा (आता बांगलादेशात), शिक्षण कोलकात्याचे. ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’मध्ये त्यांना धातूंच्या गुणधर्मांवर काम करावे लागे, व्यापक सापेक्षता ते बव्हंशी एकट्यानेच अभ्यासत राहिले. १९५५ साली ‘फिजिकल रिव्ह्यू’त त्यांचे हे समीकरण प्रसिद्ध झाले. केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली शेजारशेजारच्या मार्गांनी जाणारे कण एकमेकांजवळ येतात की दूर जातात, हे ते सांगते. द्रव्य कणांना एकत्र ओढते, परिवलन त्यांना दूर ठेवू पाहते.

विश्वाच्या प्रारंभी घनता अनंत होते (सिंग्युलॅरिटी), हा निष्कर्ष विश्व सर्वत्र व सर्व दिशांना सारखे मानल्यामुळेच निघतो, अशी शंका तेव्हा घेतली जाई. परिवलन नसेल तर तसे गृहीत न धरताही हाच निष्कर्ष टळत नाही, हे रायचौधुरींनी दाखवले. १९६५पासून रॉजर पेनरोझ आणि स्टीफन हॉकिंग यांनी सिद्ध केलेल्या सिंग्युलॅरिटी-प्रमेयांना या समीकरणाचा आधार आहे. कृष्णविवरांविषयीच्या कार्यासाठी पेनरोझ यांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रायचौधुरी १९६१मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढे अनेक पिढ्यांचे आवडते शिक्षक ठरले. स्वतंत्र भारतात राहून केलेल्या सैद्धांतिक संशोधनात या समीकरणाचे स्थान फार वरचे आहे. त्याचा कर्ता वाचकांनी अवश्य लक्षात ठेवावा. — संपादक